आवाज थकला नव्हता

फोन आला तेव्हा मी डाळीच्या गिरणीत बसले होते. घरची तूर भरडायला टाकली होती आणि त्या घरघरीत पलीकडून कोण काय बोलतंय ते कळत नव्हतं. नाव दिसलं ते शबानाचं. हनीफभाईंची ही मुलगी, मारेगावला दिलेली. मी एका कानावर तळहात दाबून नुसतं ‘काय? परत सांग, ऐकू येत नाही’ म्हणत राहिले. तीन वेळा त्या पोरीकडून मी तेच वाक्य वदवून घेतलं. तिसऱ्यांदा ती ओरडलीच, ‘अब्बा गेले, आंटी... सकाळी गेले.’ गिरणीवाल्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहून यंत्र बंद केलं. आयुष्यभर ज्या माणसाला लोकांनी नीट, स्पष्ट ऐकलं, त्याच्या मरणाची बातमी त्याच्या लेकीला ओरडून सांगावी लागली. या गोष्टीला आता दोन महिने होत आले, तरी ती मनातून जात नाही.

पुसदबाहेरच्या वाचकांना हनीफभाई माहीत असायचं कारण नाही. रेडिओवरचा माणूस जिथवर लहर पोचते तिथवरच असतो. आमच्या गावात एकेकाळी दोन एफएम स्टेशनं होती. एक टेकडीच्या उतारावर, दुसरं भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत. दोघांना रीतसर नावं होती, पण लोक म्हणायचे ‘टेकडीवालं’ आणि ‘बाजारवालं’. मी टेकडीवर बोलायचे, हनीफभाई बाजारात. सकाळी दोन्हीकडे भक्तिगीतं, नऊ वाजता दोन्हीकडे जुनी हिंदी गाणी, संध्याकाळी दोन्हीकडे फर्माइश. कपड्याचे दुकानदार आणि बियाण्यांचे व्यापारी जाहिरात द्यायचे ती जुन्या गाण्यांच्या वेळेला. त्यामुळे दोघांपैकी कुणाचीच दुसरं काही लावायची हिंमत नव्हती. रेडिओचा काटा इकडून तिकडे फिरवला तर कधीकधी तेच गाणं चालू असायचं, फक्त एक कडवं पुढे.

हनीफभाई मुळात रेडिओवर बोलायला आले नव्हतेच. बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांचं आणि धाकट्या भावाचं, सलीमचं, दुरुस्तीचं दुकान. पंखे, मिक्सर, रेडिओ. बाजारवालं सुरू व्हायच्या आठवड्यात तिथला माईक खरखर करायला लागला म्हणून त्यांना बोलावलं. त्यांनी तार जोडली आणि माईक तपासायला म्हणून बोलले. ‘हॅलो हॅलो’ नाही म्हणाले. समोरच्या खिडकीतून बाजार दिसत होता, तो सांगत बसले. वांगी कुठली आली, कोण कोणाशी भाव करून राह्यलं, कोणत्या म्हाताऱ्याची टोपी उडाली... काचेपलीकडच्या मॅनेजरने त्यांना थांबवलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून नऊचा कार्यक्रम त्यांचा. वय तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे होतं. दुपारी ते परत दुकानात बसून पंख्याची वाइंडिंग करायचे.

आणि बोलणं असं, की शेतात कापूस वेचणाऱ्या बायका मोबाइल पदरात बांधून ऐकायच्या. ते कधी गाण्याची माहिती देत बसले नाहीत. ‘फुलसावंगीच्या कमलाबाईचा गुडघा आता बरा हाय म्हंते, तिच्यासाठी’ असं म्हणून गाणं लावायचे. कमलाबाईचा गुडघा अख्ख्या तालुक्याला माहीत होता. मी अर्धवट सोडलेल्या डीएडच्या भाषेत बोलायचे, शुद्ध आणि सुकं. आमच्या मॅनेजरांनी एक वही केली होती. बाजारवाल्यावर काय लागलं, कुणाची फर्माइश आली, सगळं त्यात उतरवायचं. त्यांच्याकडेही अशीच वही होती. दिवसभर दोन्ही स्टेशनं एकमेकांना कान लावून बसलेली, आणि पुढ्यात तीच शंभर-सव्वाशे गाणी. त्या वर्षांची आठवण काढली की आजही आधी अंगात शीण भरतो.

एक गोष्ट कबूल करते. हनीफभाई जाहिरातीच्या आधी सांगायचे, आता परत आलो की अमुक गाणं. जाहिराती तीन मिनिटं चालायच्या. मी तेवढ्यात ते गाणं टेकडीवरून लावून टाकायचे. मॅनेजर खूश व्हायचे. महिनाभर मी हे केलं. मग एकदा कोर्टाजवळच्या टपरीवर हनीफभाई समोरच आले. मी मान खाली घातली. त्यांनी दोन चहा सांगितले.

‘बाई, एवढी घाई कायले करता?’ ते म्हणाले. ‘लोकायले एक गानं दोनदा आयकाले भेटून राह्यलं, ते चांगलंच हाय. पन तुमी मधातूनच लावता. सुरवातीची बासरी कटून जाते.’

त्यांना राग गाणं चोरल्याचा नव्हता, बासरी कापल्याचा होता. तिथून आमची ओळख झाली. ती पुढे मैत्री झाली, पण दोन्ही मॅनेजरांपासून लपवून.

मग तो पाण्याचा दिवस. भर दुपारी वरच्या अंगाला ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि फुलसावंगीकडच्या रस्त्यावरच्या नाल्याचं पाणी पुलावरून जायला लागलं. वीज गेली. दोन्ही स्टेशनं जनरेटरवर. लोक फोन करून विचारत होते, निघावं की थांबावं. आम्ही दोघं आपापल्या जागी जेवढी खबर येईल तेवढी सांगत होतो. तासाभराने बाजारवाल्याचा जनरेटर दम तोडायला लागला. आमच्याकडे त्यांचं स्टेशन नेहमीसारखं एका कोपऱ्यात लावून ठेवलेलं होतं. त्यातून हनीफभाई बोलताना ऐकू आले : ‘आमचं मशीन आता बंद पडून राह्यलं. खबर बंद पडू नये. काटा टेकडीवाल्यावर न्या. तिथं सुमनबाई हाये, ते सांगन तसंच करा. तिच्यावर भरवसा ठेवा.’ आणि आवाज गेला.

मी चार वाजेपर्यंत बोलत राहिले. शाळेच्या मुलांची एक जीप पुलाच्या अलीकडेच थांबली. त्या ड्रायव्हरने बाजारवालं लावलं होतं आणि हनीफभाईंच्या सांगण्यावरून काटा आमच्याकडे आणला होता. ही गोष्ट त्याने स्वतः येऊन मला सांगितली. मी त्याला म्हटलं, मला नको, बाजारात जाऊन सांग.

बाजारात त्या वेळी हनीफभाईंच्या हातात एक पत्र होतं. प्रतिस्पर्धी केंद्राकडे श्रोते वळवल्याबद्दल समज. त्यांनी ते घडी करून खिशात टाकलं. मला म्हणाले, ‘मराठी मोठी चांगली हाय पत्रातली. तुमच्यासारखी.’

ते पत्र मात्र फायलीत राहिलं. तीनेक वर्षांनी बाजारवालं बाहेरच्या एका मोठ्या कंपनीला विकलं गेलं. गाणी तिथे बसून कॉम्प्युटर निवडणार, इथे फक्त प्रक्षेपणाचा मनोरा. दोनच माणसं ठेवायची होती. फाइल उघडली गेली, आणि स्वतःचे श्रोते दुसऱ्याकडे पाठवणारा निवेदक कोण ठेवणार? एका शनिवारी ते नऊच्या कार्यक्रमात नेहमीसारखं बोलले. सोमवारी तिथे नुसती गाणी लागली.

त्याच आठवड्यात आमच्या मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ‘हनीफभाईंना इकडे घ्यावं म्हणतो. लोक मागताहेत. तुम्ही त्यांना जवळून ओळखता, काय वाटतं?’

आमच्याकडे जुन्या गाण्यांची वेळ एकच होती, सकाळी नऊची. ती माझी होती. हनीफभाई आले असते तर ती त्यांची झाली असती, आणि न्यायाने झाली असती. हे मला खुर्चीत बसल्या बसल्या दिसलं. मी म्हणाले, ‘माणूस फार चांगला आहे, सर. पण... आवाज थकलाय आता त्यांचा.’

एवढंच. मॅनेजरांनी मान हलवली. मी बाहेर आले, स्टुडिओत गेले आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचं गाणं लावलं.

त्यानंतर दोन वर्षं आमच्या भेटी कमी झाल्या. कमी मीच केल्या. दुकानावरून जायचं टाळायचे. ऐकू यायचं, की हनीफभाई आता फक्त दुकानात असतात, उरुसात माईकवर बोलावलं तर गेले नाहीत, शाळेच्या स्नेहसंमेलनाला नाही म्हणाले. मला वाटायचं, मन उडालं असेल. माणसाचं मन उडालं असं मानणं सोपं असतं.

मग आमच्याकडेही कॉम्प्युटर आला. भांडण नाही, निरोप नाही. मालकांनी सांगितलं, गाणी तयार येतील, तुम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तासभर बोला. जी नऊची वेळ मी एवढी जपून धरली होती, तिचे पाच दिवस गेले. वाईट वाटायला हवं होतं, पण नुसतं थकल्यासारखं वाटलं. त्या दुपारी मिक्सरचं भांडं पिशवीत घालून मी हनीफभाईंच्या दुकानात गेले. भांडं अडकत होतं हे खरं, पण ते सहा महिने अडकतच होतं.

त्यांनी स्टूल पुसून दिलं. भांडं उलटं करून पाहिलं. मी टेकडीवरचं सगळं सांगितलं. ते ‘हं, हं’ करत राहिले. मग स्क्रू काढता काढता, वर न बघता म्हणाले, ‘बाई, एक विचारू? तुमच्या मॅनेजरले तुमी म्हनलं होतं, का माहा आवाज थकला. त्यानंच सांगितलं मले, तवाच. मले एवढंच सांगा... थकला होता का खरंच?’

मला वाटलं होतं ते कधी ना कधी रागावतील. तयारी होती माझी. या प्रश्नाची नव्हती. दोन वर्षं हा माणूस माझ्या चार शब्दांवर विश्वास ठेवून गप्प बसला होता. उरुस, संमेलनं, सगळं त्याने त्यामुळेच सोडलं होतं. कारण आवाजातलं कळणारी बाई असं म्हणाली, म्हणजे खरंच असणार.

‘नव्हता,’ मी म्हणाले. ‘नव्हता थकला, हनीफभाई. मला माझी नऊची वेळ जायची भीती वाटली. म्हणून बोलले.’

रस्त्यावरून एक एसटी गेली, दुकानातली भांडी थरथरली. मग त्यांनी भांड्याचं पातं हाताने फिरवून पाहिलं. ते मोकळं झालं होतं.

‘मंग ठीक हाय,’ ते म्हणाले. ‘मी रोज सकाळी आरशात पाहून बोलून पाहे. मले काई समजेना. वाटे, आपल्यालेच आयकू येत नसन.’

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही, मागायची लाज वाटली. त्यांनी सलीमला चहा आणायला पाठवलं.

त्या हिवाळ्यात ते पुन्हा बोलले. जिल्हा परिषदेच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मी मागे पालकांत जाऊन बसले. पहिली दहा मिनिटं तेच हनीफभाई. कोणत्या पोरीची वेणी सुटली, कोणता पोरगा समोर आई दिसल्यामुळे स्टेजवर नाच विसरला, सगळं सांगत होते आणि मंडप हसत होता. मग वाक्यं तुटायला लागली. मधेच श्वास घ्यायला थांबायचे. हृदयाचा त्रास तेव्हा सुरू झाला होता, आम्हाला माहीत नव्हता. अर्ध्या तासाने त्यांनी माईक एका गुरुजींच्या हातात दिला आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसले. कपाळावर घाम होता.

‘आता थकला, बाई,’ ते म्हणाले. ‘पन आता आपल्या टायमावर थकला.’

मी त्यांना पाणी दिलं. स्टेजवर लहान मुलांचं कसलंसं लेझीम चालू झालं. आम्ही ते शेवटपर्यंत पाहिलं. त्यांचं शेवटचं सार्वजनिक बोलणं तेच. पुढे दवाखाने झाले, यवतमाळच्या फेऱ्या झाल्या. मी दोनदा घरी जाऊन आले. ते बोलायचे कमी, पण मी कमलाबाईंच्या गुडघ्याचं विचारलं की हसायचे. आणि मग डाळीच्या गिरणीतला तो फोन.

चाळीसाव्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी दुकानात गेले. गुरुवार होता. सलीमभाई एकटेच बसले होते. हनीफभाईंच्या बाजूच्या फळीवर दुरुस्त होऊन पडलेले रेडिओ होते, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, तीवर गावाचं नाव. आम्ही फारसं बोललो नाही. सलीमभाईंनाही सांगून सांगून कंटाळा आला असावा, कसे गेले, किती वाजता, कोण जवळ होतं...

तेवढ्यात फुलसावंगीचे एक म्हातारे गृहस्थ आपला सेट न्यायला आले. मला ते ओळखत नव्हते. सलीमभाईंनी चिठ्ठी वाचून सेट काढला, फडक्याने पुसला आणि बटण फिरवलं. हनीफभाईंनी लावून ठेवलेल्या काट्याला हात लावला नाही. टेकडीवालं लागलं. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. ते संपलं, तिसरं लागलं.

म्हाताऱ्यांनी कान जवळ नेला. ‘याच्यावर कोनी बोलत नाई का आता?’

‘बोलते ना,’ सलीमभाई म्हणाले. पाठ केलेलं म्हणावं तसं, माझ्याकडे न पाहता. ‘मंगळवारी आन् शुक्रवारी. सकाळी नऊ वाजता लावजा. चांगली बोलते बाई.’

म्हाताऱ्यांनी सेट पिशवीत घातला आणि ते निघून गेले. मी सलीमभाईंना विचारलं, ‘हे तुम्ही सगळ्यांना सांगता?’

त्यांना प्रश्न नीट कळला नाही. ‘भाई सांगे,’ ते म्हणाले. ‘सेट देताना सांगाचं असते ना.’ आणि त्यांनी पुढचा रेडिओ पुसायला घेतला.