स्क्रीन झाकून शिकलेले अप्पा

महालिंगअप्पा साखरे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. गौरवग्रंथात असे लिहावे की नाही, मला ठाऊक नाही. पण गुळमुळीत बोललेले अप्पांना चालत नाही आणि मला ते जमत नाही.

मी ताडकळसच्या एका शाळेत मराठी शिकवते. ऐन चाळिशीत आजारपणात माझी दृष्टी गेली. आमचे मुख्याध्यापक भले गृहस्थ. ते म्हणाले, "मॅडम, पगार चालू राहील तुमचा. स्टाफरूममध्ये निवांत बसा, वर्गाची काळजी सोडा." त्यांनी मायेनेच म्हटले, पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. निवांत बसायला मी काय शोकेसमधली बाहुली आहे? मला माझी नववी परत हवी होती.

स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा एक महागडा प्रोग्राम कुणीतरी माझ्या लॅपटॉपवर चोरून टाकून दिला होता. जरा कुठे हात बसतोय तोवर तो बंद पडला. तेव्हा माझा भाऊ मिलिंद मला मोटारसायकलवर बसवून परभणीला अप्पांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला. अप्पांनी लॅपटॉप उघडला, पाहिला आणि मिटला.

"ताई, ह्यो चोरीचा माल हाय. ह्याला मी हात लावत न्हाई."

माझा पारा चढला. "मला दिसत नाही, आणि तुम्हाला तत्त्वं सुचायलीत?" मी भर दुकानात ओरडले. मिलिंद माझी बाही ओढू लागला. अप्पांचा आवाज मात्र जरासुद्धा चढला नाही.

"भांडा, भांडा. पण भांडून झालं की चहा घ्या. असंच बोलणारा दुसरा प्रोग्राम हाय, एनव्हीडीए नावाचा. सगळ्यांसाठी खुला, फुकट, कुणीबी कॉपी करावा, कुणाची मेहरबानी न्हाई. फक्त मला सोताला तो वापरता येत न्हाई. आठ-पंधरा दिवस द्या. आधी मी शिकतो, मग तुमाला शिकवतो."

अप्पा व्यापाऱ्याच्या घरातले. वडिलांच्या पेढीवर बसायचे सोडून ते आधी रेडिओ-टीव्ही आणि नंतर कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. चोरीचे सॉफ्टवेअर टाकायचे नाही, हा त्यांचा पहिल्यापासूनचा हट्ट. त्यापायी कितीतरी गिऱ्हाइके उठून गेली. पिंगळीचे एक फोटोवाले असेच तणतणत निघाले होते. अप्पांनी त्यांना हाताला धरून बसवले, फोटो सुधारायचे जिम्प हे खुले सॉफ्टवेअर टाकून दिले आणि लग्नसराईभर त्यांच्या शेजारी बसून अल्बम करायला शिकवले. भजनी मंडळांना ऑडॅसिटीवर आवाज भरून घ्यायला, वकिलांना लिबरऑफिसमध्ये अर्ज लिहायला त्यांनीच लावले. मोबदला ते आपल्या वेळेचा घेतात, सॉफ्टवेअरचा घेत नाहीत.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, तर दारातच अप्पांच्या पत्नी गंगाकाकू भेटल्या.

"ताई, तुमच्यापायी ह्यांचं डोस्कं फिरलंय बगा! माउस कपाटात टाकलाय आन् स्क्रीनवर टॉवेल टाकून बसायलेत दिवसभर. गिऱ्हाईक इचारायलंय, अप्पा, कॉम्प्युटरला आंघोळ घातली का म्हणून!"

मला हसू फुटले. माझ्या अंधाराची कीव खूप जणांनी केली होती. त्या अंधारात येऊन बसलेला माणूस मला पहिल्यांदा भेटला.

गुरू म्हणून अप्पा कडक. बोट चुकले की नुसते "ह्ं" म्हणायचे, आणि ते "ह्ं" शिवीपेक्षा जास्त लागायचे. त्या प्रोग्रामचा मराठी आवाज सर्दी झालेल्या पाहुण्यासारखा. मी कुरकुर केली, तर म्हणाले, "आपल्याला काय नवरदेव बगायचाय का? अक्षरं कळायलीत ना? मग चला फुडं."

चाचणी परीक्षा आली. मी स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांसमोर बसून अख्खी प्रश्नपत्रिका टाइप केली. त्यांनी ती वाचली, शाबासकी दिली आणि हळूच म्हणाले, "पण मॅडम, उत्तरपत्रिकांचं काय? पोरांचं अक्षर हा लॅपटॉप कसा वाचणार?"

मी अप्पांना फोन लावला. "संपलं अप्पा. निवांत बसते आता."

"शाळेत कॉम्प्युटर हायेत का न्हाईत?"

"आहेत, पण खोलीला कुलूप आहे. जुने झाले, चालत नाहीत म्हणतात."

"चालत न्हाईत म्हंजे काय? न चालायला काय झालंय त्यांना? हेडमास्तरांना म्हणावं, तुमी फक्त कुलूप काढा."

रविवारी अप्पा एसटीने ताडकळसला आले. पिशवीत पेन ड्राइव्ह, एक फुंकणी आणि काकूंनी दिलेल्या धपाट्यांचा डबा. त्यांनी एकेक डबडे झटकून त्यावर लिनक्स घातले. जुन्या यंत्रावरही ही खुली प्रणाली चालते, हे त्यांनी मुख्याध्यापकांना करून दाखवले. कळफलकांचा खडखडाट सुरू झाला तसा माझ्या छातीवरचा धोंडा हलला.

त्या आठवड्यात नववीने 'आमचा आठवडी बाजार' हा निबंध हाताने न लिहिता टाइप करून दिला. घरी मी तो ऐकायला बसले. पहिला बरा होता. दुसऱ्यात एका मावशीचे बांगड्यांचे टोपले बैलाने उलटवले होते. पाचव्यात पुन्हा मावशी, पुन्हा बांगड्या, पुन्हा तोच बैल!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले. दोघांची नावे घेतली आणि उभे केले. "तुमच्या दोघांच्या मावशीला एकच बैल कसा काय धडकला रे?" मग मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू आली, "मॅडमला समदं कळायलंय रे!" मुख्याध्यापक दाराशी उभे राहून ऐकत होते, हे मला नंतर कळले. त्याच दुपारी वेळापत्रकात नववीपुढे माझे नाव आले.

मी अप्पांना फोन केला आणि रडत रडतच सगळे सांगितले. सगळे ऐकून ते खो खो हसले. "अवो ताई, कॉपी आपल्या सॉफ्टवेअरची करायची. निबंधाची न्हाई. पोरांना सांगा एवढं."

अप्पा आता साठ वर्षांचे होत आहेत, त्यानिमित्त त्यांचा सत्कार आहे. या जिल्ह्यात त्यांच्याकडून शिकलेली माणसे गावोगाव आहेत, आणि ती पुढच्यांना शिकवत आहेत. अप्पांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांचा हट्ट शंभरीतही तसूभर कमी न होवो, आणि गंगाकाकूंना तो सोसायचे बळ मिळो. हा लेख मी स्वतः टाइप केला आहे, स्वतः ऐकून तपासला आहे. चूक राहिली असेल तर अप्पांनी खुशाल "ह्ं" म्हणावे.

सत्काराच्या दिवशी मात्र मला यायला थोडा उशीर होईल. अप्पा रागावणार नाहीत. पहिला तास माझा नववीवर आहे.