हातात थांबलेला घास

दातांच्या डॉक्टर सुलभाबाईंची साठी पुरी झाली. त्यांच्या गौरवाच्या पुस्तकात शिकलेसवरलेले लोक लिहिणार, आणि मी चौथीतून शाळा सोडलेली. पण बाईच म्हणाल्या, "आजी, बोलता तसंच लिहा." म्हणून लिहिते.

त्यांची माझी पहिली गाठ नेकनूरला, बाजाराच्या दिवशी पडली. मुलगा-सून ऊसतोडीला माजलगावकडं गेलते, दीड वर्षाची नात माझ्याजवळ. लई गुणाची पोर, तिचं कौतुक सांगत बसले तर हे पुस्तक तेवढ्यानंच भरंल. तर माझा पुढचा दात हलत होता, हिरड्या सुजलेल्या. दात काढला की नजर जाते असं ऐकलेलं, म्हणून त्यांच्या दवाखान्याच्या दारातूनच म्हणाले, "बाई, दात काढायचा न्हाई. मला हे लेकरू सांभाळायचंय."

"बरं, नुसतं बघू," म्हणत त्यांनी हिरडीच्या कडेचा पांढरा थर सुईनं काढून काचेवर लावला, काच बारीक गोष्ट मोठी दाखवणाऱ्या यंत्राखाली ठेवली. तेवढ्यात नात भुकेनं किरकिरली. मी फडक्यातली भाकरी काढली, रोजच्यासारखी चावून मऊ केली. आमच्याकडं लेकराला असंच चारतात, मलाही असंच चारलेलं. पोरीनं आ केला, मी घास पुढं केला, आणि त्या यंत्राच्या पडद्यावर चित्र आलं.

नुसती वळवळ! बारीक किडे, काही काड्यांसारखे, काही पीळ घेत पळणारे.

"हे कुणाच्या तोंडातलं, बाई?"

"तुमच्याच, आजी."

घास हातातच थांबला. रोज तीनदा मी हे लेकराच्या तोंडात घालत होते? हिचे दात जातील का? सून आल्यावर काय सांगू? मला रडूच फुटलं.

सुलभाबाईंनी नातीला मांडीवर घेतलं आणि तिचा एकेक दात आरशानं पाहिला.

"हिचे दात चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात. पण हिरडीच्या फटीत थर साचू दिला की ते तिथं घर करतात. शरीर त्यांच्याशी भांडतं. त्या भांडणात हिरडी सुजते, दाताखालचं हाड झिजतं. हिला भाकरी दुधात कुस्करून द्या. आणि मशेरी सोडा."

मग स्वतःच्या डब्यातला दूधभात त्यांनी नातीला चमच्यानं भरवला. रागावल्या नाहीत, पुढं कधी बोलूनही दाखवलं नाही.

मशेरी सोडली आणि थोड्या दिवसांत दात घासताना रक्त यायला लागलं. इतकी वर्षं तंबाखू भाजून हिरड्यांना चोळली, कधी थेंब दिसला नव्हता! मी घाबरून पहिली एसटी धरली. "बाई, मशेरीच बरी होती की!"

"मशेरीनं रक्त दाबलं होतं, आजी, रोग नाही. आता तो दिसतोय."

चार खेपांत त्यांनी हिरड्यांखालचा थर खरवडून काढला. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसायची. हत्यार तोंडात घालण्याआधी त्या ते मला दाखवायच्या, काय करणार ते सांगायच्या, मी मान हलवेपर्यंत थांबायच्या. तो हलणारा दात गेला, बाकीचे राहिले. नजर शाबूत हाय, हे मीच लिहितेय.

सून परत आल्यावर भीत भीत सगळं सांगितलं. "आत्या, कशाला रडता? मलाबी आज्जीनं असंच चारलंय," ती म्हणाली. मग हळूच, "मी पण दाखवून येऊ का?"

नात आता शाळेत जाते. परवा तिचा दात हलला, तशी मी तिला घेऊन पळाले. "आजी, दुधाचा आहे, पडणारच," बाई म्हणाल्या, तरी आरसा घेऊन तिचं सगळं तोंड पाहिलं. त्यांना ठाऊक हाय, माझी भीती नुसत्या सांगण्यानं जात नाही.

सुलभाबाईंना उदंड आयुष्य मिळो, दुखणं त्यांच्या वाटेला न जावो. नव्वदीतही त्यांनी माजलगावचा ऊस स्वतःच्या दातांनी सोलून खावा. मी असले तर शेजारी बसेन, मधे नात. तिचं कांडं तिच्याच हातात देईन, तिचं ती सोलील.