तीन बोटांचा पंजा

माजलगावात साखर कारखान्याच्या रस्त्याला इलियासचं दुकान आहे. तो नकली पाय बनवतो. कार्बन फायबरची काळी वाटी गुडघ्याखालच्या खुंटावर बसते आणि तिच्या बुडाला धातूचा दांडा गोंदानं चिकटवायचा असतो. फायबर मुलखाचं गुळगुळीत, गोंदाला दाद देत नाही. म्हणून एका संस्थेनं दिलेल्या प्लाझ्मा यंत्राची जांभळी ज्योत तो वाटीवरून फिरवतो आणि पाण्याचा फवारा मारून बघतो. पाणी सारखं पसरलं की गोंद धरणार. मग मात्र हात लावायचा नाही. बोटाचं तेल लागलं, की तेवढ्या जागेवरून पाणी पळतं.

त्याच्या आईला, अजमतबीला, हे कधी पटलं नाही. दुकानातून जाणारा प्रत्येक पाय ती पंजानं दाबून पाहायची. कडबाकुट्टीत दोन बोटं गेलेला पंजा! "अम्मी, हात मत लगा!" इलियास रोज खेकसायचा. गेल्या रमजानात म्हातारी गेली, आणि खेकसायला कुणी उरलं नाही.

परवा ऊसतोड करणारी विमलबाई पाय न्यायला आली.

"उद्या टोळी निघती, इलियासभाई. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकाची फळी चढायचीय. पाय दगा देणार न्हाई ना?"

"न्हाई, मावशी."

त्यानं ज्योत फिरवली, फवारा मारला. पाणी पसरलं, पण वाटीच्या कडेला एक ठसा कोरडाच राहिला. पंजाचा. तीन बोटांचा.

इलियासला भर दुपारी दरदरून घाम फुटला. त्यानं वाटी पुसली, पुन्हा ज्योत, पुन्हा फवारा. ठसा तिथंच.

"मावशी, तुमी हात लावला का?"

"मी तर उंबऱ्यावर बसलेय. कावून?"

त्यानं भीत भीत ठशावर पान्हा वाजवला. बाकी वाटी टणटणत होती, इथं बद्द आवाज आला. करवतीनं कापून पाहिलं, तर फायबरचे थर आतून सुटलेले. विमलबाई फळीवरूनच खाली आली असती.

"आज पाय न्हाई मिळणार. नवा करून मीच फडावर आणून देतो."

विमलबाई तणतणत गेली.

आज नवी वाटी तयार झाली. फवारा मारला. पाणी कडेपर्यंत सारखं पसरलं, कुठं डाग नाही की ठसा नाही. याच क्षणाची त्यानं दोन दिवस वाट पाहिली होती. तरी तो गोंद उघडेना, नुसता बघत उभा राहिला.

"अम्मी," तो हळूच म्हणाला, "आज लगा ले हात."