बोटभर फट

आमच्या गावात कुणाच्याही घरी जा आणि खिडकीचा पडदा नीट बघा. चुण्या एकसारख्या, काठ जमिनीला धरून, कापड असं पडलेलं की बघत राहावं. फक्त एका बाजूची कड खाली येता येता बोटभर आत सरकलेली असते. तेवढ्या फटीतून उजेडाची एक पट्टी घरात येते. नवा पाहुणा ती बघून हसतो. गावकरी सांगतात, "ओळंब्यानं लावलाय. शेवटी शेवटी नजर गेली होती त्याची. बिचाऱ्याला कळायचं नाही."

नजर गेली नव्हती. गेली असती तर ओळंबाकाकांना हायसं वाटलं असतं. खरं काय झालं ते त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मला सांगितलं, आणि काकू उगाच काही सांगणाऱ्यातल्या नव्हेत.

ओळंबाकाका पडदे लावायचे. शिवणं काकूंचं, लावणं काकांचं. गवंड्याकडे भिंत सरळ आहे का ते बघायचा पितळी ओळंबा असतो, तसला एक त्यांच्या खिशात कायम असे. तो दोरीवर सोडायचा, थांबायचं, मग एक डोळा मिटून कापडाची कड दोरीशी जुळवायची. नाव त्यावरूनच पडलं. कुणाच्या घरी तसबीर जरा कलली असली की काका चहा बाजूला ठेवून आधी ती सरळ करत. स्वतःची मिशी कापताना इतका वेळ लावत की काकू आतून ओरडत, "अहो, मिशी आहे ती! पडदा नाही!"

"तुला सरळ बघायची सवय नाही म्हणून तुला कळत नाही."

"सवय कशी असेल? लग्न झाल्यापासून तुमच्याकडे बघतेय."

असं त्यांचं चालायचं. आणि त्यात कधी कडवटपणा नव्हता.

त्या वर्षी मात्र काकांची बोटं थरथरायला लागली. सकाळचा चहा बशीत सांडू लागला. लेक माहेरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, आता शिडीवर चढणं बंद करा." काका भडकले. म्हणाले, "ज्या दिवशी माझा पडदा वाकडा पडेल, त्या दिवशी मी आपणहून शिडी देऊन टाकीन. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही." त्या दिवसापासून काकूंचं लक्ष नवऱ्याच्या हातांवर होतं. आणि काकांचंही.

अशात दवाखान्यातल्या नर्सबाईंचं बोलावणं आलं. रस्त्याच्या वळणावर, न्हाव्याच्या दुकानासमोर एक जुनं घर आहे. तिथं त्यांची आत्या एकटी राहायची. ती गेली आणि घर भाचीकडे आलं. नर्सबाईंना रात्रपाळी. दिवसा झोपायचं तर माळ्यावरच्या खोलीत अंधार हवा.

त्या खोलीचं छप्पर एका बाजूला उतरत गेलेलं, आणि खिडकीही छपराबरोबर उतरलेली. एका अंगाला माणसाच्या डोक्याहून उंच, दुसऱ्या अंगाला जेमतेम कमरेएवढी. सुरीनं तिरकी कापलेली भाकरी उभी करावी तशी. काच एकसंध, न उघडणारी.

"अशी कशी हो केली?" काकांनी विचारलं.

"कुणास ठाऊक. आत्या त्या ठेंगण्या कोपऱ्यात बसायची," नर्सबाई म्हणाल्या. "पाय गेले होते तिचे. जमिनीवर बसलं की तो कोपरा बरोबर डोळ्यांसमोर येतो. सकाळी जी बसायची ती दिवे लागेपर्यंत. काय बघायची देव जाणे. रस्ताच तर आहे."

काकांनी माप घेतलं. अशा खिडकीला दांडी उताराची लावावी लागते आणि कड्या घसरू नयेत म्हणून प्रत्येकीला अटकाव करावा लागतो. प्रत्येक चुणीची लांबी वेगळी. काकूंनी जाड निळं कापड घेऊन जमिनीवर पसरलं, खडूनं तिरकी रेघ ओढली आणि एका दमात कापलं. काकांनी ते लावलं, ओळंबा सोडला, डोळा मिटला. कड दोरीला चिकटून पडली. काका घरी शीळ घालत आले.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंचा निरोप: पडदा वाकडा झालाय.

काका गेले. उंच बाजू जशीच्या तशी. ठेंगण्या कोपऱ्यात मात्र कड आत ओढल्यासारखी गोळा झाली होती. त्यांनी कापड हातानं साफ केलं, कड्या तपासल्या, पुन्हा ओळंबा धरला. पितळ डोलतच राहिलं, कारण त्यांची बोटं हलत होती. तेवढं त्यांनी पाहिलं, नर्सबाईंनीही पाहिलं, आणि नर्सबाईंनी नजर दुसरीकडे वळवली. तेच काकांना जास्त लागलं.

पुढच्या वेळी त्यांनी कापडाच्या कोपऱ्यात शिशाच्या चपट्या गोळ्या शिवून घेतल्या. वजनानं कापड खाली राहतं. "आता बघतो कसा सरकतो," म्हणाले. दोन दिवसांनी गेले तर कोपरा पुन्हा आत. आणि गोळ्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडलेल्या. टाके तुटले नव्हते, एकेक करून उसवले होते. काढलेला दोरा काडीभोवती गुंडाळून शेजारी ठेवला होता, जुन्या बायका दोरा वाया जाऊ देत नाहीत तसा.

"बाई, थट्टा करता का म्हाताऱ्याची?"

"काका, मी घरी येते, पडते, ती संध्याकाळी उठते. शपथ." नर्सबाईंचा चेहरा उतरला होता. "आणि एक सांगू? पडदा लावल्यापासून मला गाढ झोप लागते, पण जाग आली की चैन पडत नाही. आधी कुणीतरी बाहेर बघत बसलंय असं वाटायचं. आता..."

"आता काय?"

"आता कुणाला तरी बाहेर दिसत नाही असं वाटतं."

काका गोळ्या खिशात घालून घरी आले. शिडी भिंतीला टेकवली आणि खाली बसले. "दे कुणाला तरी," म्हणाले. "वाकडा पडला. हाताचाच दोष. टाके नीट बसले नसतील, गोळ्या गळल्या असतील, त्या बाईनं उचलून ठेवल्या असतील. मला आता काही नीट होत नाही."

काकूंनी उठून चहा केला. तो नवऱ्यापुढं ठेवला. काकांनी कप दोन्ही हातांनी धरला, तरी चहा सांडला.

"उद्या मी येते," काकू म्हणाल्या. "माझी कात्री वाकडी आहे का ते बघू या आधी."

"तुझी कात्री कशी वाकडी असेल?"

"मग तुमचा हात तरी कसा असेल?"

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी दोघं गेली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. नर्सबाई खाली चहा टाकायला गेल्या. काका शिडीवर चढले, कापड लावलं, खाली उतरले. ओळंब्याची दोरी त्यांनी या खेपेला हातात धरली नाही, दांडीलाच बांधली. म्हणजे हात थरथरण्याचा प्रश्न उरला नाही. पितळ डोलत डोलत थांबलं. कड दोरीला बरोबर जुळली. काकू सुईदोरा घेऊन ठेंगण्या कोपऱ्याशी जमिनीवर बसल्या. गोळ्यांची जागा पुन्हा शिवायची होती.

तेवढ्यात त्यांना कापडावर मुठीची खूण दिसली. घट्ट धरून सोडलं की पडते तशी, खोलवर चुरगळलेली. पण ती आतल्या अंगाला नव्हती. काचेकडच्या अंगाला होती, जिथं पडदा आणि काच यांच्यामध्ये हात जाण्याइतकीही जागा नव्हती.

आणि मग दोघांच्या देखत कड हलली. झुळूक नव्हती, काच बंद होती. ओळंबा जागच्या जागी स्थिर होता आणि त्याच्या शेजारून कापड हळूहळू आत सरकत गेलं. रुंद बोटांनी बाजूला सारावं तसं, न घाईनं, न रागानं. फटीतून उजेड आला आणि काकूंच्या मांडीवर पडला. त्या उजेडात मधेच एक काळसर जागा होती. बसलेल्या माणसाच्या डोक्याची सावली पडावी एवढी.

"बघतेस ना?" काका कुजबुजले.

"बघतेय."

"मग माझा हात..."

"तुमचा हात ठीक आहे हो."

हे ऐकायला काका कित्येक महिने आसुसले होते. पण काकू सांगतात, तेव्हा काकांच्या तोंडावर जी भीती होती ती शिडीवरून पडताना माणसाच्या तोंडावर असते. दोष हाताचा असता तर गोष्ट सोपी होती. म्हातारपण आहे म्हणायचं, घरी बसायचं.

काकू उठल्या नाहीत. बसमध्ये शेजारचीला जागा करून द्यावी तशा त्या थोड्या बाजूला सरकल्या आणि अगदी सहज आवाजात म्हणाल्या, "आत्याबाई, जरा सरकून बसा. सुई लागेल."

कापड सैल झालं. सावली काकूंच्या मांडीवरून बाजूला गेली.

काकूंनी कात्री घेतली. जी कड सरळ पाडण्यासाठी नवऱ्यानं जीव टाकला होता, ती त्यांनी खालच्या अंगाला बोटभर आत कापली. काका तोंड उघडणार होते. काकूंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. मग दुमड घालून टीप मारली, दोरा दातांनी तोडला आणि खिडकीकडे बघून विचारलं, "एवढं पुरे?"

उत्तर कसलं येणार! पण पडदा त्यानंतर कधी हलला नाही. नर्सबाई अजून तिथंच राहतात, दिवसा झोपतात.

चहा न घेताच दोघं खाली उतरली. समोरचा न्हावी दुकानाच्या पायरीवर उभा होता. नवा माणूस, आत्या गेल्यानंतर गावात आलेला. "बरं केलंत, कोपरा मोकळा सोडलात," तो म्हणाला. "आजी चार दिवस दिसल्या नाहीत, म्हटलं आजारी आहेत की काय."

काकांनी मान खाली घातली आणि चालू लागले. काकूंनी मात्र वर पाहिलं, आणि ओळखीच्या घरावरून जाताना करतात तसा हात केला.

शिडी कुणाला दिली नाही. काकांनी पुढंही वर्षानुवर्षं पडदे लावले. ओळंबा सोडायचे, डोळा मिटायचे, कड दोरीला जुळवायचे, आणि मग बायकोला म्हणायचे, "घे, काप." गिऱ्हाईक कुरकुरलं की एरवी मिशीच्या केसावरून भांडणारा तो माणूस मान हलवून म्हणे, "वय झालं हो." त्यांच्या तोंडून हे ऐकून लोक चुकचुकत. काकू मशीनवर मान खाली घालून बसत.

काका गेले त्यानंतर माझ्या घरचा पडदा काकूंनी शिवला. मी म्हटलं, "काकू, माझा तरी सरळ शिवा."

"शिवते की. आधी सांगा, तुमच्या घरात त्या खिडकीशी कोण बसायचं?"

घर माझ्या आधी दोघातिघांचं होतं. मला सांगता येईना.

"मग राहू दे बोटभर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कात्री उचलली.