सलीमभाईच्या मशीनवरची जाळी

सलीमभाई बाहीमुळं मेला नाही.

वर्षभर हेच ऐकून राहिलोय. टपरीवर, मिलच्या गेटवर, त्याच्या मयतीतसुद्धा. "सदऱ्याची बाही लांब होती, मशीननं ओढली."

बाही कोपराच्या वर दुमडलेली होती. मी बाजूलाच उभा होतो.

माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. मी उदगीरच्या एका डाळ मिलमध्ये कामाला आहे. बी.कॉम. अर्धं सोडून आलो. कारण विचारू नका. ते कारण डाळ निवडणीच्या हॉलमध्ये बसतं, आणि नाव लिहिलं तर तिचा भाऊ मला शोधत येईल.

सलीमभाईला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"काय बे कॉलेजवाल्या, मशीन हितं हाय. तिकडं काय बघून राहिला?"

"काही नाही भाई."

"मग डोळ्यात पाणी कशाला? डाळ मिल हाय ही, मिरचीची चक्की न्हाई."

तो स्क्रूवर होता. जमिनीलगतच्या लोखंडी पन्हाळीत मोठा स्क्रू फिरतो आणि माल पुढं ढकलतो. त्याच्यावर जाळी असते, कुणाचा हात आत जाऊ नये म्हणून.

खंडेनवमीला सगळ्या मशीनी धुवून पुजायच्या, आणि ज्याची मशीन त्यानंच नारळ फोडायचा, ही आमच्या मिलची रीत. सलीमभाई दुसऱ्या कुणाला नारळाला हात लावू द्यायचा नाही. "मशीन मैं चलाता, तो नारळ बी मैंच फोडता."

गेल्या खंडेनवमीला धुवायला म्हणून जाळी काढली. ती परत बसलीच नाही.

नवा मूग, उडीद येऊन पडला होता. मॅनेजर म्हणाले, "राहू दे रे, सीझन हाय. माल तुंबला की हात घालायला सोपं पडतं."

सोपं पडलं.

दिवाळीच्या आत एकदा माल तुंबला. सलीमभाईनं हात घातला. स्क्रूनं खांद्यापर्यंत ओढला.

लातूरला नेलं. तिथून आणलं ते कबरस्तानातच.

आता त्या मशीनवर मला लावलंय. दसरा झाला की सुरू. पगार जास्त. लग्नाचं बोलायचं तर पगार लागतो, म्हणून मी हो म्हणून बसलो.

तिला सांगितलं तर म्हणाली, "जाळी नसताना तिथं उभा राहिलास तर मला फोन करायचा न्हाई."

"अगं, मॅनेजरला सांगतो की हळूहळू."

"हळूहळू? बाकी सगळ्यांशी तर लगेच भांडतोस."

आज पूजा होती. मशीनला झेंडूचा हार. शेठ टोपी घालून हजर. नारळ माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, "आधी जाळी."

मॅनेजर म्हणाले, "पूजा होऊ दे, मग बघू."

"गेल्या वर्षी बी मगच होतं."

शेठ बोलले, "गेटबाहेर लई पोरं उभी हायत या कामाला."

"असतील. त्यांनाबी दोनच हात हायत."

नारळ मी हातातच धरून ठेवला.

तेवढ्यात तिनं आरतीचं ताट खाली ठेवलं.

मग निवडणीच्या बायका मागं सरकल्या. एक, मग दुसरी, मग सगळ्याच. आमचे मुकादम भीमाकाका कोपऱ्यातलं बारदान उपसायला लागले. जाळी त्याच्याखालीच होती. गंजलेली. दोन बोल्ट नव्हते, ते दुसरीकडचे काढून लावले.

आवळून झाल्यावर मी नारळ फोडला.

मॅनेजर जाता जाता म्हणाले, "दसरा झाला की ऑफिसात ये."

म्हणजे काय ते मला कळतं. काढलं तर काढलं. पण माझ्या जागी जो कुणी येईल त्याच्यासाठी हे लिहून राहिलोय. सीझन हाय म्हणतील, सोपं पडतं म्हणतील. जाळी काढू नको भावा.

घरी येऊन तिला फोन केला. उचलला. एवढंच सांगतो.

तुझ्या मशीनला आज जाळी बसली, भाई. वर्षभर उशिरा.

खुदा हाफिज.