कासवाचा खोकला

रविवारी दुपारी भरल्या पोटी लवंडू नये, लवंडलं की काम बुडतं, हे शरयू दातार हाताखालच्या पोरापोरींना जन्मभर सांगत आली आहे. आणि आज तीच सोफ्यावर आडवी झाली आहे. आमटी-भात अंगावर आलाय, पंखा घरघरतोय, हेडफोन कानांवरच आहेत. त्यांत काही वाजत नाहीये. समोर टेबलावर संगणक उघडा आहे आणि पडद्यावर एक म्हातारं कासव तोंड उघडून थांबलं आहे.

तिला दिवेलागणीच्या आत हा चित्रपट पाठवायचा आहे. नुसतं एक बटण दाबायचं. पण सकाळपासून तिनं दोनदा चहा केला, कपाट आवरलं, बहिणीला उगाच फोन केला, आणि बटण काही दाबलेलं नाही.

चित्रपटाचं नाव ‘तळं निघालं गावाला’. तीसेक वर्षांपूर्वी मिरजेच्या चार वेड्यांनी हातानं चित्रं रंगवून तो केला, तेव्हा शरयू त्यांच्यात सगळ्यात लहान होती आणि आवाज मुद्रित करायचं काम तिच्याकडे होतं. गोष्ट साधीच. तळं आटतं, म्हणून तिथली सगळी बिऱ्हाडं, म्हणजे बेडूक, बगळे, पाणकोंबड्या, खेकडे, आपापली पोरंबाळं घेऊन नदीकडे निघतात. मागं राहतं ते म्हातारं कासव. सगळे त्याच्यासाठी थांबतात तेव्हा ते म्हणतं, “पुढं सरका, पुढं सरका!” मग त्याला खोकल्याची उबळ येते, आणि दम खात ते म्हणतं, “मी आलोच.”

एवढंच. पण त्या एवढ्याशाचं लोकांनी काय करून ठेवलंय! दर मे महिन्यात मिरजेच्या थिएटरात हा चित्रपट लागतो आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत घरंच्या घरं येतात. कासवाची ती जागा आली की अख्खं थिएटर मूठ तोंडाशी धरतं आणि कासवाबरोबर खोकतं. कुणी शिकवलेलं नाही, कुणी सांगितलेलं नाही. एकदा एक बाई शरयूला म्हणाल्या होत्या, “आमचे हे ऑपरेशनला आत जाताना तेच म्हणाले, पुढं सरका, मी आलोच. आणि खोटं खोटं खोकले. आले हो बाहेर.” शरयू हसली, नमस्कार केला आणि घाईघाईनं प्रसाधनगृहात जाऊन रडली.

आता चित्रपट नव्यानं झळकणार आहे, राज्यभर. नव्या मालकांनी सांगितलं होतं, बाई, जुन्या आवाजातली खरखर तेवढी काढून द्या. शरयूनं खरखर काढली. आणि खरखरीबरोबर खोकलाही काढला. तो काढ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. इतका सफाईनं काढलाय की कासवानं नुसता श्वास घेतला असं वाटावं.

डोळे जड होतात. पंख्याची घरघर लांब जाते. त्या घरघरीत कुणीतरी लोखंडी दांड्यावर काहीतरी आपटतंय, टिक टिक, टिक टिक.

“पाय घ्या वर बाई, मागं माणसं उभी हायती.”

ती पाय जवळ घेते. सोफ्याच्या पायथ्याशी तासेकाका उभे आहेत. अंगात खाकी डगला, खांद्याला तिकिटांची पेटी, हातात तिकिटाला भोक पाडायचा पंच. नरहर तासे, एस.टी.चे कंडक्टर, हौशी नाटकांतले हुकमी म्हातारे, आणि त्या कासवाचा आवाज. तासेकाका वारले त्याला चित्रपटाइतकीच वर्षं झाली. चित्रपट मे महिन्यात लागला आणि ते त्याआधी, संक्रांतीलाच गेले. पण हे तिला आता आठवत नाही. तिला एवढंच वाटतं, की आपण तिकीट काढलेलं नाही.

“कुठं जायचंय?” काका विचारतात.

“माहीत नाही, काका.”

“मग गाडीत बसलीस कशापायी? बरं, तळ्यापतूर देतो.”

सोफा म्हणजे एस.टी.चं बाकडं आहे, रेक्झिन फाटलेलं. खिडकीला जाड काच आहे आणि काचेपलीकडे रस्ता नाही, ध्वनिमुद्रणाची खोली आहे. तेव्हा आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या, त्या तशाच आहेत. कुणाच्या आजीच्या, कुणाच्या बाळंतपणातल्या. काका आता काचेपलीकडे माईकसमोर उभे आहेत, डगल्याची बटणं सोडून. शरयू अलीकडे यंत्रापाशी बसली आहे. तिचे हात तेविशीतले आहेत आणि खांद्यावर पडलेली वेणी पांढरी आहे. तिला त्याचं काही वाटत नाही.

“हे ‘वत्सांनो, अग्रभागी चला’ मला न्हाई जमायचं,” काका कागद नाचवत म्हणतात. “कासव काय कीर्तनाला उभं ऱ्हायलंय? मी आपलं माझ्या गाडीत म्हंतो तसं म्हंतो.”

“म्हणा, काका.”

“पुढं सरका, पुढं सरका!” काका हाळी देतात आणि त्यांना खोकला येतो. नाटकातला नव्हे, खरा. ते वाकतात, एका हातानं गोधडी धरतात, सरळ होतात आणि तसेच म्हणून टाकतात, “मी आलोच.”

“राहू दे! राहू दे!” कुणीतरी ओरडतं. दिग्दर्शकच असणार, पण तो दिसत नाही, नुसता त्याचा आनंद ऐकू येतो.

आणि मग शरयूला स्वतःचाच आवाज ऐकू येतो, कोवळा, कामसू, शहाणा. “एकदम छान, काका. फक्त हाताशी एक जादा टेक असावा म्हणून, पुन्हा एकदा खोकता का?”

“खोकतो की. त्यात काय.”

ते खोकतात.

“अजून एकदा?”

ते खोकतात. प्रत्येक वेळी भिंतीवरच्या गोधड्या हलतात. शरयूला म्हणायचं आहे, पुरे, काका, चला, आधी डॉक्टरकडे जाऊ. ती तोंड उघडते आणि तोंडातून येतं, “छान. अजून एकदा.”

काका काचेजवळ येतात. काच आहे की नाही कळत नाही, कारण त्यांच्या तोंडाचा लवंगेचा वास तिला येतो.

“रडतीस का गं?”

“काका, मला ऐकू आलं होतं.”

“काय?”

“खोकल्याच्या खाली. बारीक शिट्टीसारखं. हेडफोन फक्त माझ्या कानांवर होते, त्या खोलीत ते मला एकटीलाच ऐकू आलं. माझ्या वडिलांच्या छातीत शेवटी शेवटी तसंच वाजायचं. मला त्याच क्षणी कळलं होतं.”

“मग बोलली का न्हाईस?”

या प्रश्नाला तिनं इतकी वर्षं कितीतरी उत्तरं तयार करून ठेवली आहेत. मी लहान होते. मी काय डॉक्टर होते? घरच्यांच्या लक्षात यायला नको होतं? मनाला पटवायला ती चांगली आहेत. इथं त्यांतलं एकही तोंडात येत नाही.

“टेक छान झाला होता,” ती म्हणते.

काका पंच हातात घेऊन नुसता वाजवत राहतात, टिक टिक. मग म्हणतात, “व्हय. झाला हुता छान.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“चल,” ते म्हणतात, “पिक्चर दाव मला. मी कुठं बघितलाय?”

गाडी थांबते, की खोली थांबते. ती खाली उतरते तर पायाखाली तळ्याचा तळ आहे, उन्हानं तडे गेलेला, आणि त्या तड्यांवर थिएटरच्या खुर्च्या ओळीनं मांडल्या आहेत. माणसं खचाखच. पिशव्यांतून चिवड्याचे डबे निघतायत, कुणाचं तान्हं रडतंय, कुणी कुणाला “अहो, इकडं इकडं” करतंय. ऑपरेशनवाल्या बाई आणि त्यांचे ‘हे’ दुसऱ्या रांगेत आहेत. काका शरयूशेजारी बसतात आणि तिकिटांची पेटी मांडीवर घेतात. उद्घाटनाला बोलावलेल्या पाहुण्यासारखे अवघडून बसतात.

“माझी येळ आली की सांग हां.”

“सांगते.”

तिला माहीत आहे पुढं काय होणार. उठून पळावं असं तिला वाटतं, पण खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी लोकांचे गुडघे आहेत. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही, तिचा घसा आतून खरवडला जातोय. पडद्यावर बिऱ्हाडं चालू लागतात. बगळ्याचं पोर थांबतं. सगळे थांबतात. कासव मान वर करतं.

“ही,” ती पुटपुटते.

“पुढं सरका, पुढं सरका!” कासव म्हणतं. थिएटरभर मुठी तोंडाशी जातात. आजोबांच्या, आयांच्या, दोन वेण्या घातलेल्या एका मुलीची एवढीशी. कासव तोंड उघडतं.

काही नाही. एक स्वच्छ, गुळगुळीत श्वास.

“मी आलोच,” कासव ठणठणीत आवाजात म्हणतं.

मुठी तोंडाशी तशाच राहतात. कुणी खोकत नाही, कुणी हसत नाही. माणसं एकमेकांकडे बघतात. वेण्यावाली मुलगी आईला विचारते, “आई, कासवाला बरं वाटलं?”

काका शरयूच्या कानाशी वाकतात. “काय झालं? मशीन बंद पडलं व्हय?”

“नाही, काका. मी काढला.”

“काय काढलास?”

“तुमचा खोकला.”

“कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. मलाच बसवत नाही इथं. तुम्ही त्या खोकल्यानं गेलात आणि लोक दरवर्षी त्याला हसतात.”

“हसत्यात?” काकांचा चेहरा असा उजळतो की शरयूला बघवत नाही. “किती जणं?”

“सगळे. अख्खं थिएटर तुमच्याबरोबर खोकतं.”

“बायाबापड्या बी?”

“बायाबापड्यासुद्धा.”

“आन् मग?”

“मग बगळ्याचं पोर मागं वळून बघतं, तेव्हा सगळे चिडीचूप होतात. कितीही वेळा बघितलेला असो, प्रत्येकाला वाटतं, या खेपेला कासव काही पोचत नाही. आणि शेवटी नदीवर तुम्ही येता ना, तेव्हा टाळ्या वाजतात, शिट्ट्या वाजतात. माणसं रडतात, काका. ज्यांच्या घरी कुणीतरी ‘आलोच’ म्हणून गेलंय, ती तर फारच.”

हे सगळं तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वर्तमानपत्रवाले विचारतात, बाई, हा चित्रपट अजून लोकांना का भिडतो, तेव्हा ती रंगांबद्दल बोलते, चित्रांबद्दल बोलते, गाण्यांबद्दल बोलते. खोकल्याचं नाव काढत नाही. धडधाकट कासव नदीवर पोचलं तर त्यात कसलं आलंय कौतुक? ते धापा टाकत येतं म्हणून माणसं घरी जाऊन दुसऱ्या दिवशी उठतात, कामाला लागतात. तिला हे पहिल्या मे महिन्यापासून ठाऊक आहे.

काका पडद्याकडे बघतात. तिथं आता काही हलत नाही.

“आन् ह्ये मला ऐकवायच्या आदीच पुसलंस,” ते म्हणतात.

“काका…”

“तवा ऐकून गप बसलीस. बरं, पोर हुतीस. आता कुणालाच ऐकू येऊ नये म्हणून पुसतीस. ह्यात माझं काय भलं केलंस, सांग बघू? तुझाच घसा मोकळा केलास.”

ती खाली मान घालते. तळ्याच्या भेगांत तिला स्वतःच्या चपला दिसतात.

“मला माफ कराल का?”

“मी कंडक्टर हाय बाई,” काका म्हणतात. “माझ्या पेटीत तिकिटं हायती, माफी कुठली?”

आणि ते उठतात. पेटीतून एक गुलाबी तिकीट फाडतात, पंचात धरतात, टिक. तिचा हात ओढून तिकीट तळव्यात ठेवतात आणि तिची बोटं आपल्या हातानं मिटतात. त्यांचा हात गरम आहे. मागच्या रांगांतून माणसं उठून उभी राहतायत, सगळ्यांना पुढं जायचं आहे.

“पुढं सरक,” काका म्हणतात.

ती सरकते, आणि मागं वळून बघते. काका गर्दीच्या मागं राहिले आहेत. ते वाकलेत, गोधडी धरायला हात शोधतायत, उबळ आली आहे. ती उबळ संपायची वाट बघते. उबळ संपली की ते म्हणतील. नेहमी म्हणतात.

खोकल्याच्या आवाजानं शरयूला जाग येते. खोकत असते तीच.

ऊन टेबलाच्या पायापाशी आलं आहे. पंखा घरघरतोय. एक हेडफोन कानावरून घसरलाय, दुसरा तसाच आहे. काका ते पुढचं वाक्य बोलले नाहीत, हे तिला सोफ्यावरून उठताना कळतं आणि ती पुन्हा खाली बसते. जरा वेळानं उठते. पाणी पीत नाही, तोंड धूत नाही, थेट टेबलाशी जाते.

मूळ मुद्रण तिनं जपून ठेवलं आहे, टाकायची छाती कधी झाली नव्हती. त्यातून ती तो तुकडा उचलते आणि होता तिथं परत बसवते. मग हेडफोन नीट दोन्ही कानांवर चढवते आणि डोळे उघडे ठेवून ऐकते.

पुढं सरका, पुढं सरका. मग खोकला. आणि खोकल्याच्या खाली, अगदी तळाशी, ती बारीक शिट्टी. आहे. थिएटरात ती कुणाला ऐकू जाणार नाही. शरयूला जाईल, दरवर्षी. ती तिला हात लावत नाही.

“मी आलोच,” तासेकाका म्हणतात.

ती चित्रपट पाठवते. आणि मग, एवढ्या वर्षांत एकदाही केलं नव्हतं ते करते. पुन्हा ती जागा लावते, आणि खोकला येताच इतरांसारखी मूठ तोंडाशी नेते. मूठ तिनं जाग आल्यापासून मिटलेलीच ठेवली आहे की काय कोण जाणे, एकाच हातानं सगळं केलं की काय, तिला आठवत नाही. बोटं आखडली आहेत. ती एकेक करून उघडते.

तळव्याला घामानं चिकटलेला एक गुलाबी कागदाचा ठिपका आहे, मोहरीएवढा, गोल, पंचानं पाडलेला.