दादाने सरकवलेलं कपाट

माझा सख्खा भाऊ आहे म्हणून मी झाकून ठेवणार नाही. दादाने वहिनीचा केसाने गळा कापला.

आम्ही तिघं एका घरात राहतो आणि एकाच संस्थेत कामाला जातो. दादाकडे इमारतीची देखभाल, म्हणजे झाडून सगळ्या किल्ल्या. मी टेलिफोनवर. वहिनी वायरलेसच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. तिचा तो अल्ट्रा-वाइडबँड सिग्नल वेगवान, पण भारी अशक्त. ताकद वाढवायला कायदा आड येतो, म्हणून खोलीबाहेर पडेपर्यंत त्याचा जीव जायचा. वहिनीने आणि तिच्या साहेबांनी त्याला संस्थेतल्या लांबलचक बोळाच्या पार टोकाला पोचवलं.

कसं, ते तिने जेवताना समजावलं. त्या टोकाकडून आधी एक हाक, म्हणजे छोटासा सिग्नल, घ्यायची. ती भिंतींवर, कपाटांवर आपटत तुकड्यातुकड्यांनी येते. ते तुकडे टिपायचे, शेवटचा आधी आणि पहिला शेवटी असे उलटे लावायचे, अन् आल्या वाटांनी परत धाडायचे. सगळे एकाच क्षणी तिथे गोळा होतात. ताकद तेवढीच, पल्ला कितीतरी जास्त.

"आणि मध्ये काही हललं तर?" दादाने विचारलं.

"एखादं लोखंडी कपाट सरकलं तरी मुसळ केरात," वहिनी हसत म्हणाली. नवरा आपल्या कामात रस घेतो याचं तिला कोण कौतुक!

हे सगळं पाहुण्यांना करून दाखवायचं होतं. ते प्रात्यक्षिक जमलं तर दुसऱ्या शहरातल्या नव्या प्रयोगशाळेची जबाबदारी तिच्याकडे येणार होती. दादा चारचौघांत म्हणायचा, "जाऊ दे की. बायको मोठी झाली तर माझं काय बिघडतं?" ऐकून मलाही अभिमान वाटायचा. डोंबलाचा अभिमान.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी पाहुणे येऊन बसले. वहिनीने आदल्या संध्याकाळी टिपलेली हाक उलटी करून धाडली. पलीकडचा पडदा कोराच. साहेबांचा चेहरा उतरला. वहिनी बोळातून चालत गेली आणि लोखंडी कपाटाशी थांबली. ते चांगलं हातभर सरकलेलं होतं, जुन्या जागेवर धुळीचा चौकोन उघडा पडलेला. तिने पाहुण्यांकडून थोडा वेळ मागून घेतला, हाक नव्याने टिपली आणि पुन्हा धाडली. या खेपेला पोचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी मात्र हसली नाही. बोळाला रात्री कुलूप असतं आणि किल्ली कोणाकडे, ते तिला माहीत होतं.

घरी आल्यावर तिने सरळ विचारलं, "कपाट तू हलवलंस?"

दादाने आधी सफाईवाल्यांवर ढकलून पाहिलं. मग खाली बघत म्हणाला, "जमलं की तू जाणार होतीस."

"तूच जा म्हणत होतास."

"मग काय म्हणणार? नको म्हटलं असतं तर लोक हसले असते मला."

मला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या.

"एकदा एकांतात मला जाऊ नको म्हणाला असतास," वहिनी म्हणाली, "तर मी राहिले असते रे."

मग तिने मला माळ्यावरची मोठी बॅग काढायला सांगितली. मी काढून दिली.